पद अख्खे वाजव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संग्रहालयाने तुला पावसाळा सरल्यावर दर रविवारी संगीत नाटकातला आपला पायाने वाजवायचा ऑर्गन वाजवण्यासाठी बोलावले आहे. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे, त्यात पाच-सहा नाट्यपदांचे मुखडे, म्हणजे नुसत्या सुरुवातीच्या ओळी, मधे निवेदकाची दोन वाक्ये, आणि शेवटी प्रेक्षकांनी वाद्याभोवती उभे राहून काढायची छायाचित्रे. जावे की न जावे, असे तू विचारले आहेस. तुझ्या मैत्रिणींना ही संधी वाटते, तुझ्या गुरुजींना मैफलीची पायरी सोडून खाली उतरल्यासारखे वाटते, आणि तुला स्वतःला जी भीती वाटते ती तू पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहिली आहेस: संग्रहालयात बसून वाजवू लागले की हे वाद्य आणि ते वाजवणारे आपण, दोघांचाही काळ संपला, असे आपणच कबूल केल्यासारखे होईल का?

तू जावेस, असे मला वाटते. मात्र मुखडे वाजवण्यासाठी जाऊ नकोस. पद अख्खे वाजवू देणार असतील तर आनंदाने जा, आणि देणार नसतील तर नम्रपणे नकार कळव. मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि या पत्रात मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. त्याला कंटाळू नकोस.

जागेचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण त्यात फारसे काही नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात तू शाळेबरोबर कधीतरी गेली असशीलच. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, नक्षीची दारे, वाद्ये असे काय काय जमवले, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले, आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातल्या कितीतरी वस्तू कोणाच्या तरी माजघरात आणि देवघरात रोज हाताळल्या गेलेल्या आहेत. अशा वस्तूंच्या शेजारी बसून गाणे-बजावणे करण्यात कमीपणा कसला? शिवाय संगीत रंगभूमी ही याच शहरातली गोष्ट आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले, आणि पुढची पन्नास वर्षे या गावाने नाट्यपदांवर जीव टाकला. पुण्याचा इतिहास सांगणाऱ्या संग्रहालयात शिंदेशाही पगडीला जागा असेल, तर नाटकाच्या ऑर्गनलाही असायलाच हवी. तुझ्या गुरुजींविषयी मला आदर आहे. पण त्यांचा आक्षेप जागेला आहे, आणि माझा वेळेला.

केळकरांच्या संग्रहातला एखादा अडकित्ता आठवून बघ. त्याचे एकच पाते कोणी मांडून ठेवलेले नाही. वस्तू कितीही लहान असली तरी ती संपूर्ण ठेवायची, एखादा तुकडा निखळलेला असेल तर तसे पाटीवर लिहायचे, हा कोणत्याही चांगल्या संग्रहालयाचा शिरस्ता असतो. मग हीच मंडळी गाण्याच्या बाबतीत मुखडा मागतात आणि त्यांना काही चुकते आहे असे वाटत नाही, हे कसे? त्यांचा हेतू वाईट नसतो. गाणे हातात धरून बघता येत नाही, त्यामुळे त्यातले किती तुटले हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात आणून देणे हे आपले काम आहे, आणि त्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: पद अख्खे वाजवायचे.

अख्खे म्हणजे काय, हे तुला नीट कळले आहे की नाही याची मला शंका आहे. तुझ्या पत्रात तू ‘मुखडा आणि एक अंतरा घेतला तर चालेल का’ असे विचारले आहेस म्हणून म्हणतो. नाट्यपद ध्रुपदाच्या, म्हणजे मुखड्याच्या ओळीच्या, पहिल्या अक्षरापासून सुरू होत नाही. ते त्याआधीच्या गद्यात सुरू होते. नट संवादाच्या शेवटच्या वाक्याकडे वळला की साथीदाराने त्या वाक्याच्या खालून, कोणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या हलक्या हाताने, षड्ज, म्हणजे सा, धरायचा असतो. पेडलवरचा पाय अर्धाच दाबायचा, एकच सूर उघडायचा, आणि वाक्य संपेपर्यंत तो वाढू द्यायचा नाही. वाक्य संपते तेव्हा गाणाऱ्याच्या कानात सूर आधीच भरलेला असतो, आणि प्रेक्षकाला वाटते की बोलता बोलता माणूस आपसूक गाऊ लागला. संगीत नाटकाची सगळी जादू त्या एका वाक्याच्या अवधीत आहे. त्यानंतर ध्रुपद, अंतरा, गाणाऱ्याचा अंदाज घेत घेत केलेला विस्तार, समेवर येताना साथीने किती आधी गप्प व्हायचे याचा विचार, आणि पद संपल्यावर पुन्हा गद्याकडे सोडणारा तो शेवटचा सूर. मुखड्यात यातले काय येते? चाल येते, आणि चाल तर लोकांना आधीपासूनच येत असते.

तू लिहिलेस की शाकुंतलाच्या त्या पहिल्या प्रयोगातही पहिले चारच अंक झाले होते, म्हणजे सुरुवात तर तुकड्यानेच झाली. हा मुद्दा तू शोधून काढलास याचे कौतुक वाटले, आणि तो तू ज्या कामासाठी वापरलास ते पाहून रागही आला. किर्लोस्करांनी चार अंक केले ते अख्खे चार अंक होते. दोन हातांत सात अंकांचे सात मुखडे घेऊन ते कोणाला दाखवायला निघाले नव्हते, आणि पुढे त्यांनी नाटक पुरे केले. लहान आणि अपुरे यांतला फरक तुला कळत नसेल असे मला वाटत नाही. तुला एकच पद वाजवायचे असेल तर एकच वाजव. दहा मिनिटांत ते पुरे होत असेल तर दहा मिनिटांत ऊठ. माझे त्यावर काहीही म्हणणे नाही.

तुकड्याची मला इतकी धास्ती का वाटते, ते सांगतो. बालगंधर्वांचे गाणे आज तुमच्या पिढीला कशावरून माहीत आहे? प्रामुख्याने तबकड्यांवरून. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या थोडे पुढे मावत असे, त्याहून अधिक नाही. ज्या पदाला रंगमंचावर वन्समोअरवर वन्समोअर मिळत, ज्या नाटकांचे प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, त्यांतले पद तीन मिनिटांत बसवण्यासाठी गाणाऱ्याला किती घाई करावी लागली असेल, ते तबकडी लक्ष देऊन ऐकलीस तर तुला ऐकू येईल. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष अशी माणसे होती. हे कलावंत एका पदाच्या मागे अर्धा तास काय करत असतील? तबकडी त्याचे उत्तर देत नाही, आणि ज्यांनी ते समोर बसून ऐकले त्यांतले आता क्वचितच कोणी उरले असेल. तबकड्या निघाल्या हे भाग्यच, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण आज एखादा हुशार मुलगा तबकडीबरहुकूम पद बसवतो, तिसऱ्या मिनिटाला थांबतो, आणि त्याला वाटते की पद एवढेच होते. नमुना मागे उरला की काही वर्षांनी तोच मूळ ठरतो.

माझ्या बाबतीत हे याहून जवळ घडले आहे. मी ज्यांच्या शेजारी बसून हे वाद्य शिकलो, त्यांचे वादन एका संस्थेने त्यांच्या उतारवयात ध्वनिमुद्रित केले. तुला ज्या तऱ्हेने सांगितले आहे त्याच तऱ्हेने त्यांनाही सांगण्यात आले: थोडे हे, थोडे ते, एकाचा अंतरा, दुसऱ्याचा मुखडा. ते सौजन्यमूर्ती होते, त्यांनी सांगितले तसे केले. आज त्यांचे म्हणून जे काही ऐकायला मिळते ते तेवढेच आहे. ते ऐकणारी मुले मला सांगतात की तुमचे गुरुजी फार स्वच्छ आणि आटोपशीर वाजवत असत. ते आटोपशीर वाजवत नव्हते! गाणारी बाई दमली की तिला श्वास मिळावा म्हणून दोन आवर्तने सूर असे पसरून देत की प्रेक्षकाला ती थांबली आहे हेच कळत नसे. त्यातला एक सूरही त्या फितीवर नाही. ही खंत माझ्याबरोबरच जाणार आहे, आणि तुझ्या हातून तसले काही होऊ नये म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

आता संग्रहालयाच्या नाण्यांच्या दालनात त्या दिवशी झालेल्या आपल्या कार्यक्रमाविषयी. तू तानपुरा धरून माझ्या मागे बसली होतीस आणि मी निवेदकाला ‘पद संपल्याशिवाय मी थांबणार नाही’ असे सर्वांसमोर म्हणालो, तेव्हा तुला अवघडल्यासारखे झाले, असे तू लिहिले आहेस. तुला वाटले तर वाटू दे. कार्यक्रमाच्या आधी मी लेखी कळवले होते की चार पदे होतील, प्रत्येक पद पूर्ण होईल, त्याला सुमारे तासभर लागेल, आणि गायक व तबलजी बरोबर असतील. त्यांनी ते मान्य केले होते. मग तिसऱ्या पदाच्या अंतऱ्यात कोणी येऊन घड्याळ दाखवत असेल तर मी काय करायला हवे होते? लोक उठून जात होते, असे त्यांचे म्हणणे होते. संग्रहालयात लोक येतात आणि जातात, ती त्या जागेची रीतच आहे. शाळेच्या मुलांची रांग पाठीवर दप्तरे घेऊन आपल्या समोरून गेली, तिला थांबवण्याचे कारण नव्हते. पण दारातला रखवालदार दुसऱ्या पदापासून शेवटपर्यंत एका जागी उभा होता, आणि नाण्यांचे दालन बघायला आलेले ते वृद्ध जोडपे नाणी न बघताच बसून राहिले, हे तू पाहिलेस ना? त्या तिघांना अख्खे पद मिळाले. जे गेले त्यांना अर्धे मिळाले, पण ते त्यांच्या मर्जीने. आपण अर्धे दिले नाही.

आणि ती काच. मंद्रातला पंचम लागला की नाण्यांच्या कपाटाची एक काच झणझणत होती, आणि कार्यकर्त्यांपैकी एकाने हळूच येऊन खालचे सूर टाळायची विनंती केली. मंद्र पंचम टाळून यमनातले पद वाजवायचे! अशा वेळी काय करायचे ते तुला तिथे करून दाखवले आहे, तरी लिहून ठेवतो, कारण संग्रहालयात हे हमखास होणार. कार्यक्रमाच्या आधी रिकाम्या दालनात बसून खर्जापासून एकेक पट्टी दाबायची, प्रत्येक सूर धरून ठेवायचा, आणि दुसऱ्याने दालनात फिरून कोणती काच, कोणती चौकट बोलते ते ऐकायचे. बोलणारी वस्तू सापडली की ऑर्गन दोन-तीन हात सरकवून बघायचा. तेवढ्याने न भागले तर त्यांच्याच माणसाकडून काचेच्या सैल कडेला पुठ्ठ्याची घडी बसवून घ्यायची. त्या दिवशी तू तिकिटाच्या पुठ्ठ्याची घडी करून दिलीस आणि काम झाले. जागा वाद्याला नडत असेल तर जागेचा बंदोबस्त करायचा. पदातला सूर काढायचा नाही.

संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातल्या जुन्या ऑर्गनवर वाजवशील का, असेही तुला विचारले आहे. इथे मात्र मी तुझ्या उत्साहाच्या आड येणार आहे. ते वाद्य वाजवू नकोस. मी ते उघडून पाहिले आहे. भात्याचे कापड कडक होऊन घडीवर चिरले आहे, झडपांचे चामडे सुकले आहे, आणि आतल्या लोकरी बनातीला कसर लागली आहे; त्यावर जोर लावून हवा ओढली तर जे थोडे शिल्लक आहे तेही जाईल. कधीतरी जाणत्या कारागिराकडून त्याचे काम व्हावे, असे मी त्यांना कळवले आहे. तोवर ते बघण्यासाठी आहे, आणि बघण्यासारखे खूप आहे. उजव्या पेडलवरचा गालिचा डाव्यापेक्षा अधिक झिजला आहे, म्हणजे वाजवणारा उजव्या पायाने तोल सांभाळत असे. मधल्या सप्तकातल्या पट्ट्यांना बोटांच्या जागी खोलगट झिलई आली आहे आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या आहेत. कोणीतरी आयुष्यभर गाणाऱ्याच्या गळ्यापुरतेच वाजवले, आपली हौस भागवायला टोकाला गेला नाही, हे त्या पट्ट्यांवर लिहिलेले आहे. तू तुझे वाद्य घेऊन जा. टेम्पोचे भाडे आणि उचलायला दोन माणसे त्यांच्याकडून माग.

बोलण्याविषयी दोन शब्द. वाजवण्याआधी माहिती सांगायचा आग्रह ते धरतील. आधी काहीही सांगू नकोस. ऐकणाऱ्याच्या कानात आधी पद जाऊ दे, मग प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरे तुझ्याकडे हवीत. हाताची पेटी आणि ऑर्गन यांत फरक काय, हे नक्की विचारतील. पेटीचा भाता हवा दाबून रीडमधून, म्हणजे सूर देणाऱ्या पातळ पट्टीजवळून, बाहेर ढकलतो. आपला ऑर्गन पायांनी आतली हवा काढून टाकतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज गोल आणि मागे सरलेला येतो, गाणाऱ्याच्या अंगावर जात नाही. रीड पितळेची असते. तिचे टोक किंचित खरवडले की सूर चढतो, बुंध्याकडे खरवडले की उतरतो, आणि एकदा काढलेले पितळ परत लावता येत नाही. एखादी मोकळी रीड बरोबर ठेव, लोकांना हातात धरू दे.

बारा ठरावीक सुरांचे हे विलायती वाद्य आपल्या गाण्यात कशाला, असे विचारणारा कोणीतरी भेटेलच. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, हे त्याला सांग, आणि त्या काळातही नाटकाच्या नटाला सूर कोणी दिला असेल ते त्याला विचार. ज्या गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, ते पेटीचे नामांकित वादक होते. आपल्या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच साथीदाराने गाणाऱ्याची मींड चालू असताना हात उचलायचा असतो. कुठे वाजवायचे नाही हे कळायला अख्खे पद लागते. मुखड्यात हात उचलायला वेळच मिळत नाही.

यावरून आठवले. गाणाऱ्याशिवाय जायचे कबूल करू नकोस. नुसत्या ऑर्गनवर पदाची चाल वाजवली की लोक टाळ्या देतात, आणि ते फार सोपे असते. आपण साथीदार आहोत. गायिका, तबलजी आणि तुझ्यासह तिघांचे मानधन आधी ठरवून घे. रक्कम किती ते मी सांगणार नाही, पण फुकट वाजवलेस तर पुढच्या रविवारी तुझी किंमत पंधरावरून पाच मिनिटांवर येईल. पैसे मागताना तुला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तो संकोच तुझ्या गाणाऱ्या मैत्रिणीच्या पोटावर येतो, एवढे लक्षात ठेव.

मी हट्टी आहे, असे या गावात बरेच जण म्हणतात, आणि ते तुझ्याही कानांवर आले असणार. अर्ध्या तासात बारा पदे मागणारे सोहळे मी सोडले, नटाचे वाक्य कापून थेट पदावर येणारे कार्यक्रम सोडले, आणि नाट्यगृहांत संगीत नाटकांचे प्रयोग कमी होत गेले त्या काळात तर सोडण्यासारखे फार थोडे उरले होते तरीही सोडले. त्याची झळ मला लागली त्याहून अधिक माझ्या घराला लागली. पत्नीने शिकवण्या करून संसार रेटला आणि मुलांच्या हौशी मागे पडल्या. हे आठवले की आजही मन खाते. तरीही त्यातला एकही नकार मी आज मागे घेणार नाही. तू म्हणशील, काकांचे ठीक आहे, त्यांचे दिवस निराळे होते, माझ्यापुढे हप्ते आणि नोकरी आहे. नोकरी जरूर कर. नोकरी करणाऱ्या माणसाला मुखडे वाजवण्याची गरज उरत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा आहे. ज्याचे पोट वाजवण्यावर आहे त्याला मी एक वेळ क्षमा करीन. तुला करणार नाही.

तुझ्या त्या शेवटच्या ओळीतल्या भीतीला मी अजून उत्तर दिलेले नाही. वाद्य कोणत्या इमारतीत ठेवले आहे यावरून त्याचा काळ संपला की नाही हे ठरते, असे मला वाटत नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले. तिथल्या भरलेल्या प्रेक्षागृहातही मी तुकडे वाजताना ऐकले आहेत, आणि तिथे मला जेवढे उदास वाटले तेवढे त्या नाण्यांच्या दालनात वाटले नाही. त्या रखवालदाराने नंतर येऊन मला काय विचारले, ते तुला माहीत नाही, कारण तू तानपुऱ्याची गवसणी चढवत होतीस. बाई गायला लागण्याआधी तुम्ही काहीतरी सुरू केले होते ना, असे त्याने विचारले. संवादाखालचा षड्ज त्याने ऐकला होता! ज्याने आयुष्यात संगीत नाटक पाहिलेले नाही, अशा माणसाला ते ऐकू आले, आणि ते केवळ एवढ्यासाठी की आपण गायिकेला आधीचे वाक्य बोलायला लावले, ते कापले नाही. वाक्य कापून वाजवले असते तर त्याच्या दृष्टीने ते एक जुने, मोठे, पायाने वाजवायचे यंत्र राहिले असते.

म्हणून संग्रहालयाला उत्तर लिही, आणि लवकर लिही, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा येते, असे सांग. दर आठवड्याला तीन पदे नव्याने बसवणे तुला आणि गायिकेला झेपणार नाही, आणि तीच ती पदे वाजवलीस तर महिन्याभरात तुझा हात बोथट होईल. प्रत्येक वेळी तीन पदे, आधीच्या गद्यासह, पूर्ण. एक तास. निवेदन नाही, माहितीची पाटी त्यांनी लावावी आणि तिचा मजकूर तू तपासून द्यावा. छायाचित्रे वादन संपल्यावर. बसण्यासाठी वीस खुर्च्या, आणि त्या अशा ठेवायच्या की लोकांना मधेच उठून जाताना इतरांना उठवावे लागणार नाही. पावसाळ्यात कार्यक्रम नको, भात्याचे कापड आणि चामडे दमट हवेत सैल पडते आणि झडपा चिकटतात. त्यांनी ‘पंधरा नाही तर निदान पंचवीस मिनिटे’ असा सौदा केला, तर पंचवीस मिनिटांत बसतील तेवढी अख्खी पदे वाजव. दोन बसली तर दोन. सौदा पदांच्या संख्येवर करायचा असतो, पदाच्या लांबीवर करायचा नसतो. आणि तेही नको, मुखडेच हवेत, असे म्हणाले तर त्यांचे आभार मानून घरी राहा.

तिन्ही पदे कोणती घ्यावीत ते गायिकेच्या गळ्यावर सोड. पहिले पद मध्य लयीतले असावे, म्हणजे दालनाच्या आवाजाचा तुला अंदाज येईल. भैरवी शेवटी, आणि ती लांबवू नका.

पत्राचा मसुदा धाडण्याआधी मला दाखव. तू फार माफी मागत लिहितेस. गुरुवारी संध्याकाळी ये. माझ्या ऑर्गनच्या डाव्या पेडलचा पट्टा नवीन शिवून आणला आहे, तो चढवायला एका माणसाने भाता दाबून धरावा लागतो, आणि ते काम तुला स्वतःच्या वाद्यासाठी आता शिकायलाच हवे. येताना गायिकेलाही घेऊन ये. पदांच्या आधीची गद्य वाक्ये मी वहीतून उतरवून ठेवतो, ती तिने पाठ केल्याशिवाय तालीम सुरू करायची नाही.

तुझा,
काका